भिंतीआडची बेवारस तार

वैशाख सरत आला की कोकणात छपरांवर माणसे दिसू लागतात. कौले चाळायची, फुटकी बदलायची, कोने नीट बसवायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या, ही कामे मृगापूर्वी उरकण्याची घाई प्रत्येक घराला असते. रत्नागिरी शहराच्या मांडवी भागात आणि भाट्याच्या खाडीकाठी याच सुमारास होड्या वर ओढल्या जातात, फळ्यांच्या भेगा बुजविल्या जातात आणि होड्या शाकारल्या जातात. या कामांसाठी कोणी नोटीस काढीत नाही, कोणी निरीक्षक तपासणीस येत नाही. छप्पर गळले तर ते आपल्याच डोक्यावर गळणार आणि होडी फुटली तर आपणच बुडणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. देखभालीचे महत्त्व कोकणी माणसाला शिकवावे लागते, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

असे असूनही, मांडवीतल्या किंवा रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहिले, तर वेगळेच चित्र दिसण्याचा संभव असतो. लाकडी फळीवर ओळीने मीटर. त्यांच्याखाली झाकणे हरवलेली कटआउटे. एकाच तारेला फोडलेले चार फाटे आणि त्यांवर कधी काळी गुंडाळलेली, आता सुटू लागलेली चिकटपट्टी. शेजारी दुकानदारांची रिकामी खोकी, झाडू आणि जुने फलक. तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर पतसंस्था आणि वकिलाची कचेरी, त्याच्यावर शिकवणीचे वर्ग. आणि या सर्वांना उतरायला जिना एकच, तोही याच मीटरांवरून जाणारा. या तारा शेवटच्या कोणी व कधी तपासल्या असे विचारले, तर दुकानदार मालकाकडे बोट दाखवितो, मालक भाडेकरूंकडे, आणि सगळे मिळून वीज कंपनीकडे.

दरवर्षी न चुकता कौले चाळणारा समाज वीस-वीस वर्षे तारांना हात का लावीत नाही, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर निष्काळजीपणात थोडे आणि अर्थशास्त्रात अधिक सापडते.

खारा वारा आणि सैल जोड

विजेच्या बाबतीत रत्नागिरी जिल्हा दरिद्री नाही. कोयनेच्या पाण्यावर चालणारे पोफळीचे वीजगृह याच जिल्ह्यात आहे. दाभोळचा वायुप्रकल्प आणि जयगडचे कोळशावरचे केंद्रही याच किनाऱ्यावर उभे राहिले. वीज निर्माण कशी करावी, कोणी करावी आणि किती दराने विकत घ्यावी, यावर या जिल्ह्यात आणि जिल्ह्याविषयी अनेक वर्षे वाद झाले. मात्र मीटरपासून दिव्यापर्यंतच्या तिच्या शेवटच्या पन्नास फुटांविषयी कोणी फारसे बोलत नाही. जीव जातात ते बहुधा याच पन्नास फुटांत.

समुद्रकाठची हवा विजेच्या तारेला मानवत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उरलेल्या महिन्यांतही वाऱ्याबरोबर क्षार येतच असतात. क्षार आणि ओल एकत्र आली की लोखंडी पेटी गंजते, तांब्याच्या टोकावर हिरवट थर चढतो, आणि तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळून जोडली असेल तर दोन धातूंच्या सांध्यात झीज अधिकच वेगाने होते. झिजलेला किंवा सैल झालेला जोड प्रवाहाला विरोध करतो आणि तापतो. तापल्याने तो आणखी सैल होतो, आणि सैल झाल्याने आणखी तापतो. हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते. वर दिवा नेहमीसारखा जळत असतो, पंखा फिरत असतो, त्यामुळे कोणाला काही कळत नाही.

त्यात भाराची भर पडते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत प्रत्येक खोलीला दोन दिवे, एक पंखा असा हिशेब धरून तारा घातल्या गेल्या. आज त्याच खोलीत संगणक आहेत, शीतपेटी आहे, वातानुकूलन यंत्र आहे. दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र साधारण वीस पंख्यांइतकी वीज ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शालेय पुस्तकात असतेच. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. भाडेकरू यंत्र विकत घेताना त्याच्या किमतीचा आणि महिन्याच्या बिलाचा विचार करतो. भिंतीतली जुनी तार ते पेलील काय, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येत नाही, कारण ती तार त्याची नसते.

जमिनीचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. दोषाची वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी यासाठी अर्थिंग असते. मांडवीच्या काळ्या वाळूत खारट ओल असल्याने विजेला जमिनीत वाट सहज मिळते. पण तीच ओल पुरलेला लोखंडी नळ आणि त्याला जोडलेली पट्टी खाऊन टाकते. वर सड्यावर, जांभ्याच्या कातळात, याच्या उलट असते. तेथे नळ टिकतो, पण एप्रिल-मे महिन्यांत कातळ कोरडा ठणठणीत झाला की विजेला वाट मिळेनाशी होते. एकाच शहरातल्या दोन इमारतींचे अर्थिंग दोन निराळ्या कारणांनी निकामी होते, आणि दोन्ही ठिकाणी ते मोजल्याखेरीज समजत नाही.

इशाऱ्यालाच उपद्रव मानण्याची रीत

यंत्रणा सूचना देत नाही असे नाही. फ्यूज वारंवार जातो, ही पहिली सूचना. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे फ्यूजला जाड तार घालणे. वाढलेला भार सहन न होऊन वितळण्यासाठीच फ्यूजची बारीक तार असते. ती जाड केली की वितळण्याचे काम भिंतीतल्या तारेकडे जाते. दुसरी सूचना पावसाळ्यात मिळते. ओल धरलेल्या भिंतीतून वीज गळू लागली की गळती ओळखणारी कळ, जिला बाजारात ‘ईएलसीबी’ म्हणतात, ती खाली पडते. दुकान भर गिऱ्हाइकीच्या वेळी अंधारात जाते. मग कोणाला तरी बोलावले जाते आणि तो ती कळ वगळून तार सरळ जोडून देतो. दुकानात उजेड येतो, कारागिराला त्याचे पैसे मिळतात, मालकाला समाधान वाटते. गळती होती तशीच राहते. ती सांगणारे तोंड मात्र बंद झालेले असते.

या व्यवहारात कोणीही मूर्खासारखे वागलेले नसते, हे समजून घेतले पाहिजे. दुकानदाराला बंद दुकानाचे नुकसान समोर दिसते. टळलेल्या आगीचा फायदा कोणालाच दिसत नाही, कारण न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही. कारागिराला पैसे मिळतात ते बिघाड झाल्यावर, फेरीगणिक. ज्याची इमारत वर्षभर बिनबोभाट चालेल, त्याच्याकडून त्याला वर्षभर काही मिळणार नाही. बिघाडावर मोबदला ठरविणाऱ्या व्यवस्थेत देखभाल होईल, ही अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

धोका पत्करतो तोही बहुधा हाच कारागीर. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बारा हजारांच्या वर नोंदली गेली आहे. दुकाने बंद ठेवायची नाहीत म्हणून चालू तारेवर काम करायला लावणे, हा वेळ वाचविण्याचा सर्वांत महाग मार्ग होय. त्याची किंमत फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी घरी वसूल होते.

सकाळची दुरुस्ती, संध्याकाळची आग

तात्पुरती दुरुस्ती आणि खरी दुरुस्ती यांतील अंतर किती भीषण ठरू शकते, हे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाने दाखविले. १३ जून १९९७ रोजी सकाळी सातच्या सुमारास त्या इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात बसविलेल्या, दिल्ली विद्युत मंडळाच्या रोहित्रात बिघाड होऊन लहानशी आग लागली. ती विझविली गेली, कर्मचारी आले, दुरुस्ती झाली, आणि दुपारपूर्वी वीजपुरवठा सुरू झाला. केबलच्या टोकाची जोडणी मात्र योग्य हत्याराने दाबून घट्ट केलेली नव्हती. ती हातोडीने ठोकून बसविल्याचे पुढे न्यायालयात आले. दिवसभरात जोड सैल झाला, ठिणग्या उडू लागल्या, केबल निसटून रोहित्राला भिडली, तेल गळले आणि पेटले. संध्याकाळी पाचच्या सुमारास चित्रपट चालू असताना धूर जिन्यावाटे वर चढला. बाल्कनीतल्या प्रेक्षकांना बाहेर पडण्याची वाट धड राहिलेली नव्हती. ५९ माणसे मेली. कित्येक वर्षे चाललेल्या खटल्यात चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळाचे कर्मचारी असे दोन्ही पक्ष दोषी ठरले. रोहित्र एकाचे आणि इमारत दुसऱ्याची, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, हा युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही. प्रेक्षकांच्या जिवाशी त्या सीमारेषेचा तसाही काही संबंध नव्हता.

जिना आणि मीटर यांच्या शेजाराचे उदाहरण याहून अलीकडचे आहे. १५ जून २०२३ रोजी दिल्लीच्याच मुखर्जीनगर भागात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालणाऱ्या एका इमारतीत विजेच्या मीटरपासून आग लागली. आग मोठी नव्हती, पण धुराने जिना भरला. वरच्या मजल्यांवरील मुले-मुली खिडक्यांतून दोर आणि तारा धरून खाली उतरली. अनेक जण जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याआधी चार वर्षे, २४ मे २०१९ रोजी, सुरतेच्या तक्षशिला संकुलात सुदैव आडवे आले नव्हते. तेथील आगीत शिकवणीच्या वर्गातील २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी सहा वाजता शिकवणीचे वर्ग भरतात ते अशाच इमारतींच्या अशाच मजल्यांवर. आपल्या मुलाच्या शिक्षकाची पदवी चौकशी करून पाहणारा पालक त्या इमारतीचा जिना मात्र पाहत नाही.

पाण्याचा अनुभव कोकणाने स्वतःच घेतला आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ महापुरात बुडाली, तेव्हा तळमजल्यावर असलेले मीटर आणि स्विचबोर्डही पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर दुकाने धुऊन काढता येतात. गाळ शिरलेली विजेची पेटी धुऊन वापरता येत नाही. फयान (२००९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) या वादळांनंतर विजेचे खांब नव्याने उभे करणाऱ्या कामगारांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण खांबापासून आतली तार कोणी पाहावी, हा प्रश्न प्रत्येक वादळानंतर तसाच राहिला.

खर्च कोणाचा?

वादाचे मूळ येथे आहे. वीज कंपनीची जबाबदारी साधारणतः मीटरपाशी संपते. मीटरनंतरची यंत्रणा ग्राहकाची. पण व्यापारी इमारतीत ग्राहक पंधरा असतात आणि जिन्यातली मुख्य तार, अर्थिंग, मीटरची खोली ही सर्वांची सामाईक असते. सामाईक गोष्टीवर जो खर्च करील त्याला फायद्याचा पंधरावा हिस्सा मिळणार आणि खर्च मात्र पूर्ण लागणार. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो.

भाडे नियंत्रणाखालील जुन्या इमारतींत ही अडचण दुप्पट होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठविली आणि त्याबरोबर मालकाचा इमारतीतला रसही गोठला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार इमारत दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा, अशी सोय आहे. परंतु एका वर्षात कापावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. समजा, दुकानाचे भाडे महिना दोनशे रुपये आहे. वर्षाचे झाले २४०० रुपये आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. एवढ्या रकमेत एका खोलीच्याही तारा बदलून होत नाहीत. हक्क कायद्यात आहे, पण गोठलेल्या भाड्याने तो पोकळ केला आहे.

हिशेबाची दुसरी विसंगती अधिक उद्बोधक आहे. प्राप्तिकराच्या नियमांनुसार विजेच्या तारा, बटने, पंखे इत्यादींवर शिल्लक मूल्याच्या दहा टक्के घसारा दरवर्षी दाखविता येतो. एक लाख रुपयांच्या जोडणीचे पुस्तकी मूल्य दहा वर्षांत सुमारे पस्तीस हजारांवर येते. याचा अर्थ, ही तार झिजते आहे असे मालक दरवर्षी सहीनिशी सरकारला सांगतो आणि त्यावर कराची सवलत घेतो. झीज मान्य करणारी ही सही झाल्यावर त्या पासष्ट हजारांतला एक रुपयाही तार बदलण्यासाठी बाजूला पडत नाही. घसारा ही बदलीच्या तरतुदीसाठी निघालेली कल्पना आहे. व्यवहारात तिचा उपयोग केवळ कर कमी करण्यापुरता उरला आहे.

विमा आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी विमापत्र एकदा वाचावे. आगीच्या रूढ विमापत्रात, ज्या यंत्रात किंवा जोडणीत अतिभाराने अथवा शॉर्टसर्किटने दोष झाला, तिचे स्वतःचे नुकसान सहसा वगळलेले असते. त्या आगीने इतरत्र झालेले नुकसान तेवढे भरून मिळते. दोषी तारेची भरपाई मागता येत नाही, हे विमा कंपनीने पूर्वीच ओळखले आहे.

कायदा आहे, वही नाही

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत वीजजोडण्यांची पाच वर्षांच्या आत फेरतपासणी व्हावी, अशी तरतूद होती. २०१० च्या केंद्रीय विनियमांत ती कायम राहिली आणि २०२३ मध्ये हे विनियम नव्याने आले. दरम्यान, ठरावीक दाबापर्यंतच्या जोडण्यांसाठी मालकाच्या स्वयंप्रमाणनाची पद्धतही आली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. पण कागदाने तार घट्ट होत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली, तेव्हा राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि दहाहून अधिक रुग्ण दगावले. तपासणी, तिच्यातून निघालेल्या दोषांची दुरुस्ती आणि त्या दुरुस्तीसाठी पैसा ही तीन निराळी कामे आहेत, आणि आदेश बहुधा पहिल्यापुरताच असतो.

उपाय फार खर्चिक आहेत असेही नाही. पहिला उपाय निधीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्तीनिधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड जमा करण्याचे सूत्र आहे. व्यापारी गाळेधारकांनीही तेच स्वीकारावे. संस्था नोंदलेली नसेल तर निदान मीटरच्या खोलीपुरते सामाईक खाते उघडावे. पंधरा जणांनी मिळून उचललेला भार एकालाही जड होत नाही.

दुसरा उपाय मोबदल्याचा. शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या ठेकेदाराला किंवा त्याच्या हाताखालच्या प्रशिक्षित वायरमनला वार्षिक करारावर नेमावे, म्हणजे बिघाड न होण्यात त्याचाही फायदा राहील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे वायरमनचा अभ्यास करून बाहेर पडणारा कोकणातला मुलगा मुंबईला किंवा आखाती देशांत जातो, याचे एक कारण हेही आहे की गावात त्याला फेरीचे पैसे मिळतात, वर्षाची शाश्वती मिळत नाही.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मीटरच्या खोलीत एक वही टांगावी. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सर्व जोड घट्ट करून, अर्थिंग मोजून, तारांच्या आवरणाचा विरोध ‘मेगर’ने पाहून ते आकडे तारीख व सहीसह तिच्यात लिहावेत. जुन्या नियमांनी किमान एक मेगओहम विरोधाची अट घातली होती. आकडा त्याच्या वर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. गेल्या वर्षी तो पन्नास होता आणि यंदा पाचावर आला असेल, तर भिंतीत काय चालले आहे ते त्या दोन आकड्यांतूनच कळते. भिंतीआडची गळती डोळ्यांना दिसत नाही. वहीत ती दिसते, आणि दिसली की तिचा धनी कोण हेही ठरविणे भाग पडते.

शेवटी, या इमारतींत दिवसाचे आठ-दहा तास घालविणारे लोक मालक नसतात. ते कारकून असतात, शिक्षक असतात, वर्गात बसलेले विद्यार्थी असतात. तार त्यांची नाही, तिच्यावरचा घसारा त्यांना मिळत नाही, विम्याचे पैसेही त्यांच्या हाती येणार नाहीत. जिना मात्र त्यांचा आहे. पुढच्या वैशाखात कौले चाळण्यासाठी माणसे छपरावर चढतील, तेव्हा कचेरीत जाता-येता त्यांनी जिन्याखालची ती खोली उघडायला लावावी, आणि वही कोठे आहे, एवढेच विचारावे.